जुना पत्रव्यवहार, नवी आवृत्ती

संगणक बदलायचा ठरला की नागपुरातल्या बहुतेक घरांत आणि लहान कचेऱ्यांत पद्धत एकच असते. सीताबर्डीतल्या नाहीतर धरमपेठेतल्या ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावतात. तो डेस्कटॉप आणि ‘माय डॉक्युमेंट्स’ उतरवून घेतो, फॉरमॅट मारतो, नवे विंडोज टाकतो आणि संध्याकाळपर्यंत काम सुरू करून देतो. फोटो जागेवर असतात, हिशेबाच्या फायली असतात. पुढे कधीतरी कोणाला 2004 मधला एखादा मेल हवा असतो. तेव्हा लक्षात येते, की मेलचा प्रोग्राम उघडतो आहे, पण आत काहीच नाही.

यात त्या कॉम्प्युटरवाल्याला बोल लावून उपयोग नाही. आउटलुक एक्सप्रेस आपली पत्रे ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवतच नव्हता. विंडोज एक्सपीवर ती शोधायची तर आधी ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये जायचे, तिथून वापरणाऱ्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये, मग ‘लोकल सेटिंग्ज’मध्ये. हे फोल्डर मुळातच लपवलेले असे. त्याच्या आत ‘ॲप्लिकेशन डेटा’, त्यात ‘आयडेंटिटीज’, त्यात महिरपी कंसातल्या आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ हेच नाव असलेले एक फोल्डर, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि शेवटी ‘आउटलुक एक्सप्रेस’. तिथे इनबॉक्सची एक, पाठवलेल्या पत्रांची एक, आपण केलेल्या प्रत्येक फोल्डरची एक, अशा डीबीएक्स नावाच्या फायली. इतक्या खोलवर कोणी मुद्दाम गेल्याशिवाय पोहोचत नाही.

ही फाइल गेली म्हणजे काय गेले, हे समजायला त्या काळच्या टपालाची रीत ध्यानात घ्यावी लागते. तेव्हा डायल-अप जोडणी मिनिटांच्या हिशेबाने चाले. सर्व्हरवर प्रत्येकाला मिळणारी जागा काही मेगाबाइट. 2004 मध्ये जीमेल आले तेव्हा हॉटमेलच्या फुकट खात्यात 2 मेगाबाइट मावत, त्यावरून अंदाज यावा. म्हणून पॉप या पद्धतीने पत्रे आपल्या संगणकावर उतरवायची आणि सर्व्हरवरची प्रत पुसून टाकायची, हाच रिवाज होता. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हा पर्याय आउटलुक एक्सप्रेसमध्ये होता, पण मुद्दाम निवडावा लागे. परिणामी साधारण 1996 ते 2006 या काळातली बरीचशी पत्रे आलेल्या माणसाच्या हार्ड डिस्कवर आणि फक्त तिथेच होती. ती डिस्क पुसली की पत्र गेले. पाठवणाऱ्याकडे त्याची प्रत असेल तर असेल.

हे पुस्तक त्या पत्रांसाठी लिहिले आहे. मेलच्या एका प्रोग्राममधून त्याच्याच पुढच्या आवृत्तीत, किंवा बंद पडलेल्या प्रोग्राममधून आज चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, जुने फोल्डर सुखरूप कसे न्यायचे, एवढाच त्याचा विषय. विषय छोटा वाटतो. पण गेल्या 30 वर्षांत माणसांनी एकमेकांना जे लिहिले, त्यातले किती वाचायला उरेल, हे याच छोट्या कामावर ठरणार आहे. कागदाच्या पत्रांना वाळवी लागते तरी वर्षे जातात. इथे एक दुपार पुरते.

मेलचा इतिहास बहुतेकदा पाठवण्याच्या अंगाने सांगितला जातो: 1971 मध्ये रे टॉमलिन्सन यांनी दोन संगणकांमध्ये संदेश पाठवला आणि ‘ॲट’चे चिन्ह पत्त्यात आले, 1982 मध्ये पत्राच्या मथळ्याचे नियम पक्के झाले, 1992 मध्ये माइमच्या नियमांमुळे चित्रे, जोडपत्रे आणि इंग्रजीपलीकडच्या लिप्या पत्रातून जाऊ लागल्या. आपल्या कामाचा इतिहास वेगळा आहे. तो साठवण्याचा आहे. पाठवण्याचे नियम सगळ्या जगाने मिळून ठरवले, म्हणून कोणत्याही प्रोग्राममधून कोणालाही पत्र जाते. आलेले पत्र घरात कसे ठेवायचे, याचा नियम मात्र कोणी कोणावर घातला नाही. प्रत्येकाने आपापली रीत काढली, आणि या पुस्तकातल्या सगळ्या अडचणी तिथून सुरू होतात.

सर्वांत जुनी रीत युनिक्सवरची. एका फोल्डरची सगळी पत्रे एकाच लांब मजकुराच्या फायलीत एकाखाली एक लिहायची. तिला एमबॉक्स म्हणतात. नवे पत्र कुठे सुरू झाले हे कळावे म्हणून त्याच्या आरंभी ‘फ्रॉम’ या इंग्रजी शब्दाने आणि पुढे मोकळ्या जागेने सुरू होणारी ओळ असते. पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ नेमकी त्याच शब्दाने सुरू झाली तर घोटाळा नको म्हणून तिच्यापुढे एक बाणाचे चिन्ह घालतात. जुन्या पत्रांत मध्येच असा बाण दिसला तर तो लिहिणाऱ्याचा नसतो. 1988 मध्ये इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी लिहिलेला युडोरा याच कुळातला. नेटस्केपचा मेल आणि त्याचा वारस थंडरबर्डही याच कुळातले. एमबॉक्सचा मोठा गुण हा, की काहीच चालले नाही तरी साध्या नोटपॅडमध्ये फाइल उघडून पत्र डोळ्यांनी वाचता येते.

दुसरी रीत, एका पत्राची एक फाइल. 1995 च्या सुमारास डॅनियल बर्नस्टाइन यांनी सर्व्हरसाठी मेलडिर या नावाने ती मांडली. विंडोजवर ईएमएल नावाने दिसणाऱ्या फायली याच विचाराच्या. विंडोज व्हिस्टातला मेल आणि नंतरचा विंडोज लाइव्ह मेल पत्रे अशीच ठेवत. एक फाइल बिघडली तर एकच पत्र जाते, बाकीची शाबूत राहतात. तिसरी रीत बंद पेटीची: सगळे काही कंपनीच्या स्वतःच्या रचनेत, बाहेरच्याला न वाचता येणारे. आउटलुकची पीएसटी आणि आउटलुक एक्सप्रेसची डीबीएक्स या घराण्यातल्या. शोधायला त्या भराभर, सांभाळायला नाजूक. (आउटलुक आणि आउटलुक एक्सप्रेस यांत नावाखेरीज फारच थोडे समान होते. एकाची फाइल दुसऱ्यात सरळ उघडत नाही. नाव एक म्हणून घात झालेली माणसे मला सतत भेटतात.) चौथी रीत म्हणजे पत्र उतरवायचेच नाही, सर्व्हरवर ठेवून तिथेच वाचायचे. स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी 1986 मध्ये आयमॅप रचले ते याच कल्पनेवर, आणि आज फोनवर मेल पाहणारे बहुतेक जण याच कल्पनेवर चालतात.

या चार घराण्यांत आजवर कोण जिंकले, असे विचारले तर व्यवहारात चौथे जिंकले आहे. पण जपणुकीचा प्रश्न आला की माझे मत पहिल्या दोघांच्या बाजूने आहे, आणि पुस्तकभर ते दिसेल. जे कंपनीच्या मदतीशिवाय वाचता येते, तेच आपले.

बंद पेटीचा धोका काय असतो, याचे सर्वांत चांगले उदाहरण आवृत्ती बदलण्यातच सापडते. आउटलुकची 97 ते 2002 पर्यंतची पीएसटी 2 गिगाबाइटपर्यंतच वाढू शके. त्या मर्यादेला ती टेकली की बिघडे, आणि आत नवे पत्र तर जात नसेच, जुनीही उघडत नसत. 2003 मध्ये नवी रचना आली आणि मर्यादा 20 गिगाबाइट झाली. लोकांना वाटले, नवे आउटलुक घेतले, आता चिंता नाही. प्रत्यक्षात नवी आवृत्ती टाकल्याने जुनी फाइल आपोआप नव्या रचनेत येत नव्हती. नवा प्रोग्राम जुनीच फाइल उघडून काम करत राही आणि ती 2 गिगाबाइटच्या भिंतीवर जाऊन आदळे. नवी रिकामी फाइल करून, जुनीतले सगळे तिच्यात आयात करून, मगच जुनी बाजूला ठेवायची, हे काम माणसाने स्वतः करायचे होते. प्रोग्रामची आवृत्ती आणि फायलीची आवृत्ती या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वाचकाने या पुस्तकातून एकच गोष्ट न्यायची तर ती ही.

थंडरबर्डमध्ये अडचण निराळी. तिथे सगळी पत्रे ‘प्रोफाइल’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात आणि त्या फोल्डरचे नाव आठ यादृच्छिक अक्षरांनी सुरू होते. 2019 मधल्या 68 व्या आवृत्तीच्या सुमारास प्रत्येक नव्या स्थापनेला स्वतःचे वेगळे प्रोफाइल देण्याची पद्धत आली. अद्ययावत केल्यावर काही जणांसमोर कोरा थंडरबर्ड उभा राहिला, जणू आजच घेतला. पत्रे कुठेही गेलेली नव्हती, शेजारच्या फोल्डरमध्ये होती, पण घाबरून खाते नव्याने मांडणाऱ्याला ते कोण सांगणार? उलट्या दिशेचा प्रवासही तिथे अडवलेला आहे: नव्या आवृत्तीने एकदा हाताळलेले प्रोफाइल जुनी आवृत्ती उघडू देत नाही. म्हणून ‘जमले नाही तर परत जुन्यावर जाऊ’ हा भरवसा धरायचा तर आधी घेतलेली प्रत हवी. आवृत्ती बदलण्यापूर्वी प्रोग्राम बंद करून प्रोफाइलचे सबंध फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उचलून ठेवायचे. याला काही मिनिटे लागतात.

एक बारकावा इथे जवळून दाखवतो, कारण तो पाहिला की मेलच्या फायली कशा वागतात हे मनात बसते. थंडरबर्डमध्ये आपण पत्र पुसतो तेव्हा ते फायलीतून निघून जात नाही. त्याच्या मथळ्यात एका ओळीत एक खूण बदलते, ‘हे पुसलेले समज’ एवढीच, आणि यादीतून ते दिसेनासे होते. खरोखर जागा मोकळी होते ती ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावर. आता अशी फाइल कॉम्पॅक्ट न करता दुसऱ्या प्रोग्राममध्ये नेली, तर त्या प्रोग्रामला ही खूण कळत नाही. पुसलेली सगळी पत्रे उठून बसतात. एखाद्याने वर्षानुवर्षे विचारपूर्वक गाळलेला पत्रव्यवहार असा परत समोर येतो, आणि त्यात कधीकधी असे काही असते जे घरातल्या दुसऱ्या कोणी वाचू नये. म्हणून दुसऱ्या प्रोग्रामकडे जाण्यापूर्वी आधी मूळ फाइल जशीच्या तशी प्रत करून ठेवायची, आणि मग चालत्या प्रोग्राममध्ये कॉम्पॅक्ट करायची. क्रम उलटा केला आणि मध्ये वीज गेली, तर काहीच हाती राहत नाही. विदर्भातल्या भारनियमनाच्या दिवसांत आउटलुक एक्सप्रेसवर ही पाळी अनेकांवर आली. तोही अधूनमधून ‘फोल्डर आवळू का’ असे विचारायचा, आणि ते चालू असताना दिवे गेले की डीबीएक्स फाइल अर्धी राहायची.

जोडपत्रांचेही असेच. युडोरा जोडपत्र पत्रात ठेवत नसे. ते काढून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकी आणि पत्रात ‘जोडपत्र अमुक ठिकाणी ठेवले’ अशी ओळ लिही, डिस्कवरच्या पूर्ण मार्गासह. नव्या संगणकावर तो मार्ग नसतो. पत्र येते, सोबतचा नकाशा किंवा शोधनिबंध येत नाही. युडोराची शेवटची आवृत्ती 2006 मधली. पुढे 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने त्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला केला, पण ज्यांची पत्रे त्यात आहेत त्यांना हे दोन फोल्डर हाताने जुळवूनच पुढे जावे लागते.

मराठी वाचकासाठी या विषयात एक प्रकरण असे आहे, जे इंग्रजीतल्या कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाही. 1990 च्या दशकातले आणि नंतरच्या बऱ्याच वर्षांतले मराठी मेल तीन प्रकारचे. बहुतेक रोमन लिपीत लिहिलेले. मुले अमेरिकेत नोकरीला लागली आणि आई-वडिलांनी घरी संगणक घेतला, त्या काळातला सगळा कौटुंबिक पत्रव्यवहार याच लिपीत. ही पत्रे नेण्यात लिपीची अडचण येत नाही. दुसरा प्रकार, मजकूर वेगळ्या फायलीत किंवा चित्रात करून जोडलेला. तिसरा सर्वांत धोक्यातला: शिवाजी, कृतिदेव, श्री-लिपी किंवा सीडॅकच्या आयएसएमचे फॉन्ट लावून थेट पत्रात टाइप केलेले देवनागरी. या फॉन्टमध्ये संगणकाला दिसतात ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच. त्यांच्यावर देवनागरीचा आकार चढवलेला असतो, आणि प्रत्येक फॉन्टमध्ये कोणत्या चिन्हावर कोणते अक्षर हे निराळे. फॉन्ट नसलेल्या संगणकावर पत्र निरर्थक चिन्हांची रांग होऊन दिसते.

यातून मजकूर परत मिळवता येतो. कोणत्या फॉन्टमध्ये लिहिले हे कळले की युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत. पण फॉन्टचे नाव फक्त पत्राच्या एचटीएमएल भागात, एका टॅगमध्ये लिहिलेले असते. पत्र हलवताना अनेक प्रोग्राम ‘साध्या मजकुरात ठेवा’ असे सुचवतात, कारण त्याने जागा वाचते. तो पर्याय निवडला की टॅग जातो आणि फॉन्टचे नावही जाते. मग उरलेल्या चिन्हांवरून अंदाज बांधत बसावे लागते, आणि जोडाक्षरांपाशी तो अंदाज हमखास चुकतो. एखाद्या लेखकाचा, संपादकाचा, कार्यकर्त्याचा अशा फॉन्टमधला पत्रव्यवहार कोणाकडे असेल, तर त्याने एकही पत्र साध्या मजकुरात बदलू नये, एवढी विनंती मी इथेच करून ठेवतो. देवनागरी 1991 मध्येच युनिकोडमध्ये आली. आपल्या टंकलेखनात ती रुजायला त्यानंतर पंधरा-वीस वर्षे गेली, आणि त्या मधल्या वर्षांतले मराठी मेल आज सर्वांत आधी नाहीसे होत आहेत.

फोल्डरांविषयी इतका आग्रह का, पत्रे आली म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 नंतर त्यातून निवडलेल्या कागदांचे 45 खंड निघाले, आणि मराठ्यांच्या इतिहासाला त्यांनी केवढा आधार दिला हे सर्वांना माहीत आहे. तरीही अभ्यासक आज रुमालाकडेच जातो, कारण कोणता कागद कोणाच्या शेजारी होता यावरून त्याचा अर्थ लागतो. नागपूरने तर फायलींचे स्थलांतर स्वतः अनुभवले आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना झाली, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. एका सचिवालयाचा कारभार दोन राज्यांत वाटला गेला. अशा वेळी फाइल कोणत्या क्रमाने, कोणत्या विषयाखाली लावलेली होती, हे टिकले तरच ती पुढे सापडते.

माणूस मेलमध्ये फोल्डर करतो तेव्हा तो आपल्या आयुष्याची वर्गवारी करत असतो. नागपुरात नीरी, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, विद्यापीठ, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय अशा ठिकाणी ज्यांची नोकरी किंवा व्यवसाय झाला, त्यांच्या कामाची कागदोपत्री नोंद दप्तरी आहे. एखाद्या निर्णयापर्यंत कसे आलो, सहकाऱ्याशी कुठे मतभेद झाले, प्रयोग पहिल्यांदा का फसला, हे मात्र पत्रांत असते आणि पत्रे फोल्डरांत असतात. फोल्डर मोडून सगळी पत्रे एका इनबॉक्समध्ये ओतणारी आयात मी अर्धवट आयात मानतो.

स्थलांतर करणाऱ्यांमध्ये पंथ आहेत आणि त्यांच्यात वाद आहेत. फाइल उचलून नव्या जागी ठेवणे हा सर्वांत जुना पंथ. कुळ एकच असेल, थंडरबर्डमधून थंडरबर्डमध्ये, तर याहून चांगला मार्ग नाही. दुसरा पंथ प्रोग्राममधल्या ‘इम्पोर्ट’वर विसंबणाऱ्यांचा. तो सोपा, पण दर आवृत्तीत बदलतो, आणि जुन्या प्रोग्रामकडून आयात करण्याची सोय हळूच काढून टाकली जाते. तिसरा आयमॅपचा पूल बांधणाऱ्यांचा: जुन्या प्रोग्राममध्ये आयमॅपचे खाते जोडायचे, फोल्डर त्यावर चढवायचे आणि नव्या प्रोग्राममध्ये उतरवायचे. फार उपयोगी मार्ग आहे, मीही तो पुष्कळदा सुचवतो. एक खोट लक्षात ठेवावी. सर्व्हर प्रत्येक पत्राला ‘आल्याची तारीख’ स्वतःकडून लावतो, आणि चढवणाऱ्या प्रोग्रामने जुनी तारीख नीट कळवली नाही तर वीस वर्षांची पत्रे एकाच दिवशी आल्यासारखी दिसतात. मूळ तारीख मथळ्यात असतेच, फक्त यादी कोणत्या तारखेवर लावायची ते बदलावे लागते. चौथा मार्ग विकत किंवा फुकट मिळणाऱ्या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामांचा. काही खरोखर चांगले आहेत. मायक्रोसॉफ्टने 2010 मध्ये पीएसटीची रचना जाहीर केल्यापासून खुल्या साधनांना ती अधिक नेमकी वाचता येते. पण ज्याचा कर्ता माहीत नाही अशा संकेतस्थळावर आपली सबंध पेटी चढवून ‘बदलून द्या’ म्हणणे मला मान्य नाही. त्या पेटीत तुमच्याखेरीज शेकडो माणसांची पत्रे असतात, त्यांना कोणी विचारलेले नाही.

पाचवा पंथ सगळे छापून किंवा पीडीएफ करून ठेवणाऱ्यांचा. त्याच्याशी माझे जमत नाही. कारण कायद्याकडे पाहिले तरी कळेल. माहिती तंत्रज्ञान अधिनियम 2000 च्या कलम 7 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद जपायची तर ती पुढे वाचता यावी, मूळ रूपात किंवा मुळाशी तंतोतंत जुळते असे दाखवता येईल अशा रूपात असावी, आणि ती कुठून आली, कुठे गेली, केव्हा गेली हे ओळखता येईल असा तपशील तिच्यासोबत असावा. हा तपशील म्हणजे पत्राचा पूर्ण मथळा. पीडीएफमध्ये त्यातल्या चार ओळी उरतात. जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्राची गरज ठामपणे सांगितली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 63 खालच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश मूल्य लिहायला जागाच दिली आहे. हॅश म्हणजे फायलीवरून काढलेला असा आकडा, की फायलीतले एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. वकिलांनी मूळ फायलीचा हॅश स्थलांतराच्या आधी काढून ठेवला, तर पुढे अनेक वाद टळतील.

हे पुस्तक आत्ताच का, याची कारणे साधी आहेत. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची नेहमीची देखभाल संपली आणि त्याच दिवशी आउटलुक 2016 व 2019 चीही. विंडोजसोबत येणारा मेल हा छोटा प्रोग्राम 2024 च्या अखेरीस बंद झाला आणि त्याच्या जागी आलेले नवे आउटलुक पीएसटीला जुन्यासारखे हाताळत नाही. घरोघरी संगणक बदलले जात आहेत. सरकारी पातळीवर तर याहून मोठे स्थलांतर झाले: केंद्र सरकारच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांची मेलची व्यवस्था एनआयसीच्या जुन्या यंत्रणेवरून झोहोच्या यंत्रणेवर गेली. इकडे ज्यांनी 1990 च्या दशकात पहिला मेल लिहिला, ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांच्यामागे खाते तसेच राहिले तर तेही टिकेलच असे नाही. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण गूगलने 2023 मध्ये जाहीर केले आहे. परदेशातल्या संग्रहालयांनी हा प्रश्न ओळखला आहे. मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींचे जुने मॅकिंटॉश अटलांटाच्या एमरी विद्यापीठाने कागदपत्रांसोबत घेतले आणि 2010 मध्ये अभ्यासकांसमोर त्यातला एक संगणक जसाच्या तसा, नव्या यंत्रावर चालवून दाखवला. मराठी लेखकांचे, शास्त्रज्ञांचे, संस्थाचालकांचे मेलचे फोल्डर स्वीकारायला आपल्याकडच्या संस्थांनी आता पुढे यावे. ज्या घरांनी ते नीट करून ठेवले असतील, त्यांच्याकडूनच ते येऊ शकतील.

पुस्तक कोणासाठी, हे सांगायला हवे. घरात एक जुना संगणक, माळ्यावर एक हार्ड डिस्क आणि तिच्यात काहीतरी मोलाचे आहे एवढे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठी. त्याला प्रोग्रामिंग येत नाही, हे गृहीत धरले आहे. शोधणे, प्रत करणे, नेणे आणि तपासणे हा क्रम पुस्तकभर मोडलेला नाही, कारण नुकसान बहुधा घाईने ‘नेणे’ आधी केल्याने होते. तपासण्यावर भर जास्त वाटेल. प्रत्येक फोल्डरमधली पत्रांची संख्या दोन्हीकडे जुळवायची, मग सर्वांत जुने पत्र, सर्वांत मोठे पत्र, जोडपत्र असलेले एक आणि देवनागरीतले एक उघडून पाहायचे. ही चार पत्रे उघडली की बाकीच्यांचा अंदाज येतो. फोल्डरांची नावे मराठीत असतील तर तीही पाहायची. आयमॅपच्या जुन्या नियमात देवनागरी नाव विचित्र सांकेतिक रूपात जाते आणि काही प्रोग्राम ते परत नीट वाचत नाहीत. स्थलांतरापुरते नाव रोमन लिपीत करून नंतर पूर्ववत करणे, हा सोपा उपाय.

बिघडलेली डिस्क दुरुस्त करणे, मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर आणि फोनवरचे संदेश यांत हे पुस्तक शिरत नाही. डिस्कमधून खडखड आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये, जाणत्या माणसाकडे न्यावी; त्यापुढचे काम इथून सुरू होते.

आज्ञांची आणि मेनूंची नावे पडद्यावर इंग्रजीत दिसतात तशीच, देवनागरीत लिहिली आहेत. मराठी प्रतिशब्द योजले असते तर वाचक पडद्यावर तो शब्द शोधत राहिला असता. आवृत्तीगणिक मेनूंच्या जागा बदलतील आणि पुस्तकातली काही चित्रे जुनी होतील. फायलींच्या रचनेविषयीचा भाग मात्र तसा जुना होणार नाही, म्हणून तो आधी वाचावा आणि संगणकाला हात त्यानंतर लावावा.